स्कॅन केलेल्या चित्राचा कागद मळका दिसतो, पांढरा करायला गेलं की फिके रंग उडतात: काय करायचं

वॉटरकलर किंवा पेन्सिलचं चित्र स्कॅन केलं की बहुतेकांची तक्रार एकच. कागद हातात घेतला तर पांढराशुभ्र, स्क्रीनवर मात्र राखाडी नाहीतर पिवळट, आणि रंग दमल्यासारखे. मग ब्राइटनेस कॉन्ट्रास्ट वाढवायचं, कागद पांढरा होतो खरा पण आकाशातला फिका निळा वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर) गायब, गालावरची हलकी गुलाबी छटा गेली, पेन्सिलच्या बारीक रेघा अर्ध्याच उरल्या. परत मागे यायचं, थोडं कमी करायचं, परत कागद मळका. प्रत्येक नव्या चित्राला हेच. शेवटी सगळा दोष स्कॅनरवर जातो, पण बऱ्याचदा स्कॅनरने आपलं काम नीट केलेलं असतं, गडबड होते ती ऑटो सेटिंगमुळे आणि कागद व रंग दोन्ही एकाच स्लायडरने ओढायचा प्रयत्न केल्यामुळे.

आधी बघायचं की रंग नेमका कुठे उडाला, स्कॅन करताना की नंतर एडिटिंगमध्ये. हे न बघता लोक थेट स्लायडरला हात घालतात आणि तासभर घालवतात. काहीही न केलेला मूळ स्कॅन उघडा, आयड्रॉपर (क्लिक केलेल्या जागेचा रंग आकड्यांत दाखवणारं साधन) घ्या, त्याचा सॅम्पल साइझ ५ बाय ५ अ‍ॅव्हरेज करा (एकाच पिक्सेलचा आकडा धरू नका, कागदाच्या दाण्यामुळे शेजारच्या पिक्सेललाही वेगळा आकडा येतो), आणि तीन ठिकाणचे आरजीबी आकडे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) कुठेतरी लिहून घ्या: कोरा कागद, चित्रातला सगळ्यात फिका वॉश, आणि कागदाचा एखादा कोपरा जिथे सावली वाटते.

मूळ स्कॅनमध्येच कोरा कागद २५५, २५५, २५५ दाखवत असेल आणि फिका वॉशही तेवढाच, तर विषय संपला. ती माहिती फाईलमध्ये आलेलीच नाही, आता कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही, स्कॅन पुन्हा करायचा. कागद साधारण २२५ ते २४५ च्या दरम्यान कुठेतरी असेल तर स्कॅन उत्तम आहे, डोळ्याला कितीही मळका दिसला तरी. ही गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो, कारण आपल्याला स्कॅनरमधून थेट सुंदर चित्र हवं असतं, पण कच्चा स्कॅन निस्तेज असणं हेच चांगलं, त्यात काम करायला जागा असते.

स्कॅन पुन्हा करायचा असेल तर स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा मोड सोडून प्रोफेशनल किंवा अ‍ॅडव्हान्स्ड नावाचा मोड असतो तिथे जा. डॉक्युमेंट मोडवर चित्र अजिबात स्कॅन करू नका, तो मोड अक्षरं काळी आणि कागद पांढरा करण्यासाठीच बनवलेला असतो, फिका वॉश म्हणजे त्याच्या दृष्टीने डाग. फोटो मोड घ्या आणि ऑटो एक्स्पोजर, ऑटो टोन, बॅकग्राउंड रिमूव्हल, कलर रिस्टोरेशन, डस्ट रिमूव्हल, अनशार्प मास्क, जे जे आपोआप काहीतरी करतंय ते सगळं बंद. डस्ट रिमूव्हल तर पेन्सिलचे ठिपकेसुद्धा धूळ समजून पुसतो. काही स्कॅनरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं काही बंदच करता येत नाही, तेव्हा व्ह्यूस्कॅनसारखं वेगळं सॉफ्टवेअर वापरलं तर त्यात रॉ, म्हणजे काही न बदललेली, फाईल मिळते.

रिझोल्यूशन किती ठेवायचं यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. आहे त्याच आकारात छापायचं असेल तर ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) पुरतं, दुप्पट आकारात छापायचं असेल तर ६००. मी रंगीत चित्र ६०० लाच करावं असं सांगेन कारण नंतर अर्ध्यावर आणलं की पिक्सेलमधला दाणेदारपणा आपोआप कमी होतो. ए४ आकाराचं चित्र ६०० ला ४९६० बाय ७०१६ पिक्सेल होतं, २४ बिटमध्ये (लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनेलला ८ बिट) साधारण १०४ एमबी आणि ४८ बिटमध्ये (प्रत्येकी १६) त्याच्या दुप्पट. स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेले मोठमोठे आकडे बरेचदा इंटरपोलेशनचे असतात, म्हणजे सॉफ्टवेअरने मधले पिक्सेल अंदाजाने भरलेले, त्याने डिटेल वाढत नाही, फक्त फाईल फुगते. ४८ बिट मिळत असेल तर नक्की घ्या, कारण फिक्या छटा ताणताना ८ बिट प्रति चॅनेलमध्ये पट्टे पडायला लागतात. सेव्ह टिफमध्ये करा. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत माहिती दाबतं आणि वॉशसारख्या मऊ भागावर लेव्हल्स (उजेड-अंधाराचे आकडे बदलायचं साधन) ताणल्या की ते चौकोन वर येतात.

आता खरं काम, कागद पांढरा करणं. एक उदाहरण आकड्यांसकट करून बघू, म्हणजे रंग नक्की का उडतो ते कळेल.

समजा कोरा कागद २३८, २३५, २२६ आहे. फुलाच्या पाकळीच्या कडेला लेमन यलोचा अगदी पातळ वॉश आहे, त्याचे आकडे २३७, २३३, २००. आणि खालचा डावा कोपरा थोडा उचललेला होता म्हणून तिथला कागद २०५, २०१, १९२. नीट बघा, कागदात आणि पिवळ्या वॉशमध्ये लाल आणि हिरव्या चॅनेलचा फरक जवळपास नाहीच, सगळा पिवळा रंग फक्त निळ्या चॅनेलमधल्या २६ आकड्यांवर उभा आहे. आता तुम्ही लेव्हल्स उघडता आणि एकत्रित आरजीबीचा उजव्या टोकाचा पांढरा स्लायडर डावीकडे ओढता. २३५ ला आणलं तरी कागद पिवळटच राहतो कारण निळा चॅनेल मागे आहे. अजून ओढता. कोपरा तर अजून राखाडीच, म्हणून अजून ओढता आणि २०० ला आल्यावर कोपरा जवळपास पांढरा होतो. पण तिथे वॉशचे तिन्ही चॅनेल २५५ झाले. पिवळा गेला. म्हणजे एका कोपऱ्याच्या सावलीसाठी पूर्ण पाकळी घालवली.

त्याऐवजी लेव्हल्समध्ये चॅनेल एकेक करून निवडायचा आणि प्रत्येकाचा व्हाइट पॉइंट (पांढऱ्या स्लायडरचा आकडा) कागदाच्या आकड्याच्या जरा वर ठेवायचा. वरच्या उदाहरणात लाल २४२, हिरवा २३९, निळा २३०. असं केल्यावर कागद २५१, २५१, २५१ येतो, म्हणजे पिवळटपणा पूर्ण गेला, आणि वॉश साधारण २५०, २४९, २२२ वर राहतो. पिवळा शाबूत आहे आणि आधीपेक्षा स्वच्छ दिसतो. कोपरा अजून राखाडी आहे, असू दे, त्याचं वेगळं बघू. कागद २५५ ला न नेता २५१ ला का ठेवला, तर कागदाच्या दाण्यालाही थोडी जागा हवी, पूर्ण २५५ केलं की चित्र कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

फोटोशॉपमध्ये हे अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर (चित्राच्या वर बसणारा, नंतर बदलता येणारा थर) करा, थेट चित्रावर नको. स्लायडर ओढताना ऑल्ट दाबून ठेवलं की कुठला भाग क्लिप होतोय, म्हणजे २५५ ला टेकून माहिती गमावतोय, ते काळ्या स्क्रीनवर उजळून दिसतं, कागदाऐवजी पाकळी उजळायला लागली की थांबायचं. लेव्हल्समधला पांढरा आयड्रॉपर कागदावर क्लिक करूनही तिन्ही चॅनेल एकदम होतात, फक्त तो कागदाला सरळ २५५ ला नेतो आणि एकाच जागेवर भरवसा ठेवतो, म्हणून त्यानंतर आकडे परत तपासा. गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कलर्स मेनूत लेव्हल्स आहे, वरच्या यादीतून चॅनेल निवडता येतो. गिम्प ३.० पासून, म्हणजे २०२५ पासून, फिल्टर लेयरवर तसाच ठेवून नंतर बदलता येतो. जुनं व्हर्जन असेल तर लेयरची कॉपी करून त्यावर करा. १६ बिटची फाईल गिम्पमध्ये २.१० पासून चालते, त्याआधीचं काही वापरत असाल तर अपडेट करा. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लेयर आहे, काम तेच.

रंगात जीव आणायचा असेल तर तो वरून ओढून आणायचा नाही, खालून आणायचा. कर्व्ह्ज (एक रेघ वाकवून उजेड-अंधार बदलायचं साधन) उघडा, उजवीकडच्या वरच्या पाव भागात एक बिंदू टाकून तो भाग आहे तिथेच अडकवून ठेवा, आणि खालच्या पाव भागातला बिंदू किंचित खाली ओढा. गडद भाग खोल होतात, फिके वॉश जागचे हलत नाहीत आणि चित्र एकदम उभं राहतं. सॅच्युरेशनला हात लावायची इच्छा होते, पण आधी हे करा, कारण अर्ध्या वेळा सॅच्युरेशनची गरजच उरत नाही.

आता तो कोपरा. इथे एक तात्पुरता लेयर फार उपयोगी पडतो आणि तो फार कमी लोक वापरतात. सगळ्यात वर अजून एक लेव्हल्स लेयर टाका आणि त्यातला काळा स्लायडर उजवीकडे २३० च्या आसपास आणा. चित्र भयानक दिसेल, घाबरू नका, हा लेयर नंतर काढायचाच आहे. पण आता कागदावरची प्रत्येक सावली, बोटाचा ठसा, खोडरबरचा पुसट पट्टा, केस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वॉशची खरी कड कुठे संपते ते लख्ख दिसतं. एरवी जे पांढरं वाटत होतं तिथे वॉश अजून बोटभर पुढे गेलेला असतो. हा लेयर चालू ठेवून त्याच्या खाली एक लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज लेयर घ्या जो कोपरा पांढरा करेल, त्याचा मास्क (काळा असेल तिथे लेयरचा परिणाम झाकणारा, पांढरा असेल तिथे दाखवणारा थर) पूर्ण काळा करा आणि मऊ कडेच्या मोठ्या ब्रशने, ऑपॅसिटी १५ ते २० टक्के ठेवून, फक्त कोपऱ्यावर पांढरा फिरवत जा. वॉशच्या कडेपाशी आलात की थांबा. झालं की वरचा तपासणीचा लेयर डिलीट. सिलेक्शन काढून पांढरा रंग भरण्यापेक्षा हे चांगलं, कारण कागदाचा दाणा तसाच राहतो आणि जोड दिसत नाही.

कोपरा मुळात काळवंडतो का, तर कागद काचेला टेकलेला नसतो. यूएसबीवरच चालणारे पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस सेन्सरचे असतात आणि त्यांची डेप्थ ऑफ फील्ड (काचेपासून किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं) अगदी कमी, कागद दोन-चार मिलिमीटर उचलला गेला तरी तो भाग अंधारा आणि धूसर होतो. सीसीडी सेन्सरवाले जाड स्कॅनर यात बरेच सांभाळून घेतात. वॉटरकलरने कागद वाकला असेल तर स्कॅनच्या आदल्या रात्री दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवा, एडिटिंगमधला खूप वेळ वाचतो. आणि कागद पातळ असेल, मागे काही काढलेलं असेल, तर मागे काळा कागद ठेवून स्कॅन करा, पलीकडचं चित्र अलीकडे झिरपायचं थांबतं. कागद थोडा गडद येईल पण तो सगळीकडे सारखा गडद येतो म्हणून लेव्हल्सने सहज सुटतो.

जाड दाण्याच्या कागदाचा प्रश्न वेगळा. बऱ्याच फ्लॅटबेडमध्ये (सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये) उजेड एकाच बाजूने पडतो त्यामुळे कागदाच्या प्रत्येक खड्ड्याची सावली येते आणि गुळगुळीत आकाश खरबरीत दिसतं. यावर डिनॉइज फिल्टर मारू नका, तो दाणा आणि ब्रशचा फटकारा यात फरक करत नाही, सगळं मेणासारखं करून टाकतो. चित्र एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून, तेच सेटिंग ठेवून, दोनदा स्कॅन करा. दुसरा स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये परत सुलटा करून पहिल्याच्या वर ठेवा, ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो ते) डिफरन्स करून चित्र जास्तीत जास्त काळं होईपर्यंत जुळवा (फोटोशॉपमध्ये ऑटो अलाइन लेयर्स हे काम बऱ्यापैकी करतं), मग मोड नॉर्मल आणि ऑपॅसिटी ५० टक्के. दोन्ही बाजूंच्या सावल्या एकमेकींना खातात आणि रंग तसाच राहतो. मात्र जुळवणी पिक्सेलभरही चुकली तर बारीक रेघा दुहेरी दिसतात, त्यामुळे पेनची कलाकुसर असलेल्या चित्राला हे करण्यात फायदा नाही.

पेन्सिलच्या चित्रात वॉशची भानगड नाही पण फिक्या रेघांची आहे. तिथे पांढरा स्लायडर फार कमी हलवा आणि मधला स्लायडर उजवीकडे न्या, रेघा भरतात. ग्राफाइट चकाकतं त्यामुळे सगळ्यात गडद शेडिंग उलट राखाडी येऊ शकतं, तेवढ्या भागाला मास्क लावून कर्व्ह्जने गडद करा. कागद जुना होऊन पिवळा पडला असेल तर चित्र ग्रेस्केल करण्याआधी चॅनेल एकेक करून बघा, पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात काळे आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास अदृश्य असतात, म्हणून लाल चॅनेल उचलला की अर्धी साफसफाई फुकटात होते. हीच युक्ती उलटीही चालते. फिक्या निळ्या पेन्सिलने कच्चं रेखाटन करून वर काळ्या शाईने काढलं असेल तर निळा चॅनेल घ्या, निळ्या रेघा कागदात विरतात आणि शाई तेवढी उरते. लाल पेन्सिल वापरली असेल तर लाल चॅनेल.

नुसत्या शाईच्या रेघा असतील तर कागदाची सावली काढायला डिव्हाइड मोड वापरा: लेयरची कॉपी, तिला इतका मोठा गॉशियन ब्लर की रेघा पूर्ण विरघळतील, मोड डिव्हाइड. सगळा कागद एकसारखा पांढरा होतो. रंगीत चित्रावर मात्र हे करू नका, मोठे रंगाचे भाग ते सावली समजून धुऊन टाकतं.

रंगच चुकीचे आले असतील, म्हणजे कागद ठीक पण निळा जांभळट दिसतोय, तर आधी स्क्रीनचा नाइट लाइट बंद आहे ना ते बघा. खरंच बघा, संध्याकाळी तो आपोआप चालू होतो आणि माणूस सगळं चित्र थंड रंगाकडे ओढून बसतो. तो बंद असूनही फरक असेल तर कारण मूळ रंगद्रव्यात असू शकतं. स्कॅनरचा सेन्सर आणि आपला डोळा रंग वेगवेगळ्या तऱ्हेने मोजतात, त्यामुळे डोळ्याला एकसारखे वाटणारे दोन रंग स्कॅनमध्ये वेगळे येऊ शकतात. अशा वेळी पूर्ण चित्राचा टिंट बदलायचा नाही, नाहीतर निळा सुधारताना त्वचेचा रंग हिरवट होतो. ह्यू सॅच्युरेशनमध्ये फक्त ब्लूज निवडा आणि थोडंसं सरकवा, मूळ चित्र शेजारी चांगल्या उजेडात ठेवून. निऑन गुलाबी, फ्लुरोसंट केशरी असे रंग मात्र स्कॅनमध्ये पूर्ण येणार नाहीत, कारण ते पडलेल्या उजेडातला काही भाग शोषून वेगळ्या रंगाने परत फेकतात आणि स्क्रीनच्या रंगांच्या मर्यादेत तेवढं तेज बसतच नाही. जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि सोडून द्या, सॅच्युरेशन १०० केल्याने तो भाग सपाट ठिगळ होतो.

धूळ आणि केस १०० टक्के झूमवर हीलिंग ब्रशने, नव्या रिकाम्या लेयरवर. काच मायक्रोफायबर कापडाने पुसा, द्रव वापरायचाच झाला तर कापडावर घ्या, काचेवर फवारू नका, कडेतून आत शिरतो.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, अंतिम आकारात आणल्यावर. अनशार्प मास्कमध्ये अमाउंट ८० ते १००, रेडियस ०.६ ते १, थ्रेशोल्ड २-३ एवढं पुरतं. कागदाचा दाणा टोचायला लागला तर जास्त झालं. वेबसाठी फाईल एसआरजीबीला (वेबवर नेहमी वापरली जाणारी रंगांची प्रोफाइल) कन्व्हर्ट करा, असाइन नाही. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि रंग तसेच दिसतात, असाइनमध्ये आकडे तेच राहतात आणि दिसणं बदलतं. फोनवर चित्र फिकं दिसतंय ही तक्रार बरेचदा एवढ्यामुळेच असते. प्रोफाइल एम्बेड करा आणि १६ बिटमधून ८ बिटमध्ये अगदी शेवटी या.

चित्र स्कॅनरपेक्षा मोठं असेल तर तुकड्यांमध्ये स्कॅन करताना दोन-तीन सेंटिमीटर भाग दोन्हींत सारखा येऊ द्या, कागद न फिरवता फक्त सरकवा म्हणजे उजेडाची बाजू बदलत नाही, आणि ऑटो एक्स्पोजर बंद असल्याची परत एकदा खात्री करा, नाहीतर प्रत्येक तुकड्याचा कागद वेगळ्या रंगाचा येतो. फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये रिपोझिशन निवडा, पर्स्पेक्टिव्ह वगैरे नको, ते सपाट चित्र वाकवतात. लेव्हल्स आधी लावायच्या नाहीत, तुकडे जोडून झाल्यावर एकदाच लावायच्या.